जमनाबाईचं भें

(जळगाव, पिंप्राळ्यातलं घर. दुपार. पार्सलच्या डब्यांभोवती तिघं: पंच्याऐंशी वर्षांच्या ताईबाई, त्यांची नात भाविका आणि दोन टेबलांच्या खानावळीचा मालक नवीन.)

भाविका : आजी, टाको उकलू नकोस. घडी धरूनच खायची.

ताईबाई : घडीत काय शे ते बघू तरी दे. पोळी कशाची ही, मक्याची?

नवीन : मक्याचीच, अक्का. मका चुन्याच्या पाण्यात उकळतो, भिजवतो, मग दळतो.

ताईबाई : पानाला लावतो तो चुना?

नवीन : खायचाच चुना. नऊ वर्षं जहाजावर आचारी होतो. शेजारच्या शेगडीवर मेक्सिकोचा एक म्हातारा असायचा, त्याने शिकवलं. त्यांची ही रोजची भाकरी.

ताईबाई : सत्तर वर्षं मक्याची भाकरी थापली, दुमडली की तुटलीच. ही रुमालासारखी वळते. कोणाला सुचलं असेल गं पहिल्यांदा, दाण्याला चुना पाजायचं?

भाविका : आणि आतली भाजी पाकिस्तानची.

नवीन : हळू बोला ताई, पाटीवर मी सिंधी लिहिलंय. आमचं सक्कर गाव पाकिस्तानात गेलं, भाजी आमच्याकडे राहिली.

ताईबाई : तू जमनाबाईचा नातू ना? भाविका म्हणाली होती. नाक तिचंच शे.

नवीन : म्हणूनच पार्सल घेऊन स्वतः आलो. धुळ्यात तुमचं माहेर आजीच्या भिंतीला भिंत लागून. मी तिला पाहिलंही नाही. बाबा मागच्या वर्षी गेले. तिच्या हातचं खाल्लेलं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. दुकानाला तिचं नाव दिलंय. चव तिची नसेल तर नाव उतरवतो.

भाविका : आजी, अगं हे काय? टाको कुस्करतेस?

ताईबाई : वरणात बट्टी कुस्करत नाही का आपण? रस्सा दिलाय तो काय बघायला?

नवीन : खाऊ द्या. तिकडे मेक्सिकोत कोणी पाहिलं तर रडेल, पण खाऊ द्या.

भाविका : आजी? काय झालं?

ताईबाई : थांब जरा. अनारदाणा. भाजलेले धने. बठ्ठं, सगळं तेच. शहात्तर वर्षं झाली रे, आणि जिभेने विचारलंसुद्धा नाही, कोण म्हणून.

नवीन : म्हणजे जमलं?

ताईबाई : मसाला जमला. हे भोकाभोकाचं काय करकरतंय?

नवीन : भें. कमळाचं देठ. उल्हासनगरहून मागवतो. तिथेच अडलंय, अक्का. बाबा म्हणायचे, आईचं भें जिभेवर विरघळायचं. मी दहा दहा शिट्ट्या केल्या, विरघळत नाही. तिची काही तरी युक्ती असणार.

ताईबाई : होती.

नवीन : तुम्हाला माहीत आहे?

ताईबाई : भाविका, दार लोट.

भाविका : घरात आपण तिघंच आहोत, आजी.

ताईबाई : तरी लोट. ते कमळ नव्हतंच, बाबा. त्या वेळी धुळ्यात कमळाचं देठ कुठून मिळणार? कच्ची केळी होती ती.

नवीन : केळी?

ताईबाई : माझा मामा यावलहून घड पाठवायचा. तुझा बाप सहा वर्षांचा. घर सुटलं, अंगण सुटलं, ते कधी मागायचा नाही. ताटलीसमोर बसून भें मागायचा. मग जमनाबाईने केळ्याच्या चकत्या केल्या. खराट्याची काडी धुतली, उकळली आणि एकेका चकतीला भोकं पाडली.

भाविका : देठासारखी दिसावीत म्हणून?

ताईबाई : मी नऊ वर्षांची, मी कुठे पाहिलं होतं देठ. तिने कोळशाने फरशीवर काढून दाखवलं. पुढे भोकं मीच पाडायचे.

नवीन : बाबांनी ओळखलं नाही?

ताईबाई : पहिला घास घेतला नि थांबला. आईच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, आपल्या तलावातलंच आहे. ताटली पुसून खाल्ली.

नवीन : म्हणजे त्यांना कळलं होतं?

ताईबाई : ते मला नाही सांगता येणार.

नवीन : दवाखान्यातही भेंच मागितलं त्यांनी. मी कमळ शिजवून नेलं. एक घास खाऊन हसले, डबा बाजूला ठेवला.

भाविका : मग पाटीचं काय करायचं, आजी?

ताईबाई : राहू दे नाव. उद्या केळी घालून आण. म्हणायचं मात्र भेंच, तिने तेच म्हणून वाढलंय.

नवीन : एवढी वर्षं तुम्ही कोणालाच सांगितलं नाही?

ताईबाई : ती म्हणाली होती, माझा मुलगा आहे तोवर सांगू नकोस.