बाणावरचं बोट

— नाही नाही, ही नको, ही डुगडुगते. त्या खुर्चीत बसा, भिंतीजवळच्या. बसा हो, तिथं हल्ली कुणी बसत नाही. आणि ते तुमचं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवा टेबलावर, लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तर काय विचारत होतात — आम्ही मॉडेल वापरतो का? मग हे भिंतभर लावलंय ते काय आहे, शोभेला? साहेबांकडे आलेल्या एका पाहुण्यानं खरंच विचारलं होतं, हा कुठल्या शहराचा नकाशा म्हणून. लिफ्टचं डोकं आहे ते. लिफ्ट आम्ही बनवत नाही, लिफ्टला अक्कल देतो — कधी थांबायचं, दार कधी उघडायचं, माणसं जास्त भरली की कसं अडून बसायचं. प्रत्येक चौकोन म्हणजे लिफ्टची एक अवस्था — तयार, चालू, दार उघडं, दुरुस्ती — आणि प्रत्येक बाण म्हणजे काय घडलं की ती कुठनं कुठं जाते. आता हे मी तुम्हाला काय सांगायचं, विद्यापीठात तुम्ही हेच शिकवता. पण हे हातानं काढणारं माणूस प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत असाल.

आमच्याकडे याची एक रीत आहे. हे खातं ज्यांनी उभं केलं ते मास्तर — मास्तर नव्हते हो, इंजिनिअरच, पण स्वभाव तसला — त्यांनी घालून दिलेली. चित्र एकानं काढायचं, प्रोग्राम दुसऱ्यानं लिहायचा, आणि लिहून झाला की दोघांनी या भिंतीसमोर शेजारी शेजारी बसायचं. एकानं बाणावर बोट ठेवायचं, दुसऱ्यानं त्या बाणाची ओळ प्रोग्राममध्ये काढून दाखवायची. बोट फिरवणं म्हणतो आम्ही त्याला. मान मोडून येते, आणि भांडणं तर विचारू नका — हा बाण कुठनं आणलास, तुझी ही ओळ कशाला. पण चूक सापडते ती त्या भांडणातच, कारण दोन डोकी दोन वाटांनी आलेली असतात. आणि दुसरी रीत — ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानंच पहिल्या चाचणीला लिफ्टच्या टपावर उभं राहायचं. आत नव्हे, टपावर, दोरांशेजारी, दुरुस्तीवाला उभा राहतो तिथं. मास्तर म्हणायचे, स्वतःचा जीव टांगलेला असला की माणूस नीट लिहितो. लिहितो का? लिहीत असावा.

— हो, अजून पाळतो की. कागदोपत्री पाळतोच. म्हणजे — आता हे चित्र, हे काही मी काढलेलं नाही. खरं सांगायचं तर या भिंतीवरचं कुठलंच चित्र हल्ली मी काढत नाही. एक नवीन साधन आलंय. प्रोग्राम लिहून झाला की तो त्याला खायला घालायचा, तुमचा चहा पिऊन होईस्तोवर चित्र तयार. बाण कसे सरळ, अक्षर कसं टपोरं. प्रोग्रामशी जुळतं का? हाच ना तुमचा पुढचा प्रश्न? शंभर टक्के जुळतं. जुळणारच, त्याच्याच पोटातनं निघालंय! आरशासमोर उभं राहून आरशालाच विचारायचं, मी बरोबर आहे ना — तो बिचारा काय नाही म्हणणार? चित्र आधी असायला हवं, ते आता येतं मागनं. वरातीमागून घोडं. पण साहेब खूश, तपासनीस खूश, भिंत भरलेली दिसते.

कुणी आणलं म्हणजे? दिरांनी. माझे धाकटे दीर इथंच आहेत, प्रोग्राम तेच लिहितात. हुशार आहेत, त्याबद्दल वादच नाही. मीच त्यांना इथं आणलं, मास्तरांच्या मागे लागून लागून. आणि त्याच माणसानं भर बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं — वहिनी नक्षी काढतात, काम आम्ही करतो. नक्षी! घरी आल्यावर म्हणतात, मला तसं म्हणायचं नव्हतं. मग कसं म्हणायचं होतं? तेव्हापासून अबोला. जेवायला एकाच टेबलाशी, पण मीठ हवं असलं तर आमच्या ह्यांच्यामार्फत मागायचं. ह्यांची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी — एकीकडे भाऊ, एकीकडे बायको. हे गेलं का यंत्रात? जाऊ दे, पुसून टाका नंतर.

नाही, त्याचा कामावर काही परिणाम नाही. घरचं घरी. आता या लिफ्टचंच घ्या, साहेबांनी विचारलं बोट फिरवलंत का, मी हो म्हटलं, तेही हो म्हणाले. फिरवलं आपापलं. म्हणजे सही त्यांनी त्यांच्या खोलीत केली, मी इथं केली — शेजारी कोण बसणार त्यांच्या? मी म्हटलं, हौसेनं आणलंय ना साधन, बघा मग तुमचं तुम्ही. आणि ही खुर्ची तेव्हापासून — असं का बघताय? काही नाही हो, चित्र शंभर टक्के जुळतं. सांगितलं ना मघाशी.

— बघायचंय कसं फिरवतात ते? आत्ता? बरं, चला. तुम्हाला प्रोग्राममधली ओळ काढून दाखवता येणार नाही, तुम्ही नुसतं हूं म्हणा. हा पहिला चौकोन, तयार. कुणी बटण दाबलं, हा बाण, चालू. मजला आला, दार उघडं. बरोबर? वजन जास्त — हा बघा, अडून बसली. छान. आता हा खालचा, दुरुस्ती. दुरुस्तीवाला टपावर चढला की एक खटका फिरवतो, मग लिफ्ट फक्त त्याचं ऐकते, मजल्यावरनं कुणी कितीही बटणं दाबली तरी हलत नाही. त्यातनं बाहेर पडायचे बाण दोनच. एक, त्यानं खटका परत फिरवला. आणि हा दुसरा, वीज गेली. ठीक. वीज परत आली, की हा बाण निघतो तो — थांबा. हा इकडे यायला हवा. परत दुरुस्तीत. हा वर कुठं चाललाय?

थांबा हं जरा. चष्मा. — हा चाललाय 'जागा शोध' मध्ये. म्हणजे वीज आली की लिफ्टला कळत नाही आपण कुठल्या मजल्यावर आहोत, म्हणून ती सगळ्यात वर जाते, वर टेकते आणि तिथनं मोजते. ते बरोबरच आहे, रोजच्यासाठी बरोबर आहे. पण दुरुस्तीतनं नाही. खटक्याकडे न बघता नाही. टपावर माणूस असला तर — वर छत आहे हो. तिथं वर काँक्रीटचं छत आहे. आणि हे मी काढलं असतं तर माझा बाण इकडे आला असता, त्यांचा तिकडे गेला असता, आणि आम्ही भांडलो असतो.

नाही, तुम्हाला नाही कळलं. चाचणी आज आहे. नदीपलीकडे, नव्या इमारतीत. टपावर दीरच आहेत, रीतच आहे ना आमची. आणि जेवणं उरकली की वीज पाडून परत लावायची, तेही यादीत आहे, मीच सही केलीय. माझा फोन कुठाय?

वाजतोय. — कापला. बघितलंत? रेंज आहे तिथं, वाजतो, आणि कापतात. माझं नाव दिसतंय ना. उचला हो... परत कापला. तिथल्या ऑफिसचा — नुसता वाजतोय, जेवून सगळे चाचणीकडे गेले असतील. ह्यांना सांगू? ह्यांचा कामावर बंद असतो. काय करू मी आता, त्या खाली विजेच्या मेन स्विचपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा नंबरसुद्धा नाही माझ्याकडे — तुमचा द्या. तुमचा फोन द्या! अनोळखी नंबर उचलतील ते. लवकर, हो, नंबर पाठ आहे मला, घरातलं माणूस आहे.

भाऊजी, ठेवू नका. मी बोलतेय. ठेवू नका, तुम्हाला माझी — नक्षी म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, आधी टपावरनं उतरा. वीज आली की ती वर जाणार आहे. खटका फिरवलाय ते माहितेय मला, खटक्याला विचारतच नाही ती, तुमच्याच प्रोग्राममध्ये आहे, मी बोट ठेवून बसलेय त्यावर. नंतर भांडा. दिवा गेला? आत्ता? म्हणजे पाडली त्यानं. मजल्याचं दार उघडंय? मग आधी पाय बाहेर टाका. हत्यारं राहू देत. राहू देत हो ती! — भाऊजी? — भाऊजी, बोला ना.

हां. हां, ऐकतेय. दोन्ही पाय बाहेर आहेत? — गेली? रिकामीच? आपटली ना वर, मला इथवर ऐकू आलं. बसा तिथंच भिंतीला टेकून, पाणी मागवा कुणाकडनं. नाही, चूक तुमची एकट्याची नाही. मी शेजारी बसले नाही, माझीही आहे. आता ते राहू दे. जरा सावरलात की इकडे या, प्रोग्राम घेऊन या. पहिल्या बाणापासून. हो, मी इथंच आहे.

घ्या तुमचा फोन. ओला झालाय, पुसून घ्या. नाही, पुढचे प्रश्न नकोत आज. यंत्र बंद करा आणि उठा आता, ती खुर्ची त्यांची आहे.