फाईल चारशे बारा आणि ताईचं घर

...अहो, पेन काढून घेतलं! मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलीय, पेनशिवाय मला माझं नावसुद्धा आठवत नाही," तर वाचनकक्षातल्या त्या बाई, चष्म्यावरून बघत, बारीक आवाजात, "काका, हळू! शाई सांडली की कागद गेला. पेन्सिल घ्या." घेतली. करतो काय!

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी अकराला सुनावणी होती. माझी थोरली बहीण, ताई, वय अठ्ठ्याहत्तर, एकटी, आणि पालिका म्हणते तिचं घर रस्त्यात आलंय, पाडणार! अहो, घर आधीचं, रस्ता मागून आला! पण पुरावा? रस्त्याच्या मोजणीचा जुना नकाशा. तो एकच, देशाच्या अभिलेखागारात, फाईल चारशे बारा. सरकारचा कागदन् कागद तिथे थंडगार खोलीत जपतात, ना ऊन, ना वाळवी, आणि मागेल त्याला दाखवतात. चिठ्ठी भरायची आणि बसायचं.

बसलो. एक तास... दोन तास... शेजारी एक प्राध्यापक भिंगातून कुठलंसं पत्र बघतोय, त्याला कसली घाई, लिहिणारा जाऊन शंभर वर्षं झाली! माझी ताई जिवंत आहे हो! दर पाच मिनिटांनी तिचा फोन, "मिळाली का रे?" मी नुसतं "येतेय गं" म्हणायचा अवकाश, लगेच बाई, "काका, हळू!" घशाला कोरड, आणि पाणी? पाणी आत न्यायचं नाही!

शेवटी ढकलगाडी आली. वर फाईल नाही, नुसतं एक पुठ्ठ्याचं कार्ड! "हे काय?" मी ओरडलोच. "काका, हळू! एखाद्या खात्यानं फाईल नेली की तिच्या जागी हे कार्ड ठेवतो. ही एकवीस वर्षांपूर्वी गेलीय, परत आलीच नाही." माझं डोकंच फिरलं! म्हटलं, "कोण हा गाढव? नाव वाचा, घरी जाऊन बखोटीला धरतो!" बाईंनी कार्ड माझ्याकडे फिरवलं... सही माझी होती.

अहो, सगळं आठवलं. फाईल परत करायलाच निघालो होतो, वाटेत ताईकडे जेवायला थांबलो, तिचं कपाट डुगडुगत होतं, म्हटलं दोन मिनिटं... फोन लावला, "ताई, कपाटाच्या पायाखाली काय आहे गं?" "तुझंच ते बाड. का रे?"

पाचाला अभिलेखागार बंद. तसाच रिक्षानं ताईकडे पळालो आणि पाचला दहा कमी असताना धापा टाकत फाईल टेबलावर ठेवली. पहिल्या वीस पानांत कपाटाच्या पायाचा खळगा, नकाशा मात्र शाबूत! बाईंनी तो खळगा बघितला आणि किंचाळल्या, "काकाऽऽ!" प्राध्यापकाचं भिंग पडलं. मी म्हटलं, "बाई, हळू!"

पण बाई देवमाणूस. नकाशाची शिक्क्यानिशी प्रत दिली आणि माझं वाचकाचं ओळखपत्र कायमचं काढून घेतलं. सुनावणी झाली, घर वाचलं. खोटं कशाला सांगू, मी तिथेच रडलो. ताईला म्हटलं, "आता निवांत झोप." तर ती काय म्हणते? "झोपते कसली मेल्या, कपाट पुन्हा डुगडुगतंय! जा, तेवढ्याच जाडीची दुसरी घेऊन ये."