कार्ड मागाहून वाचा

शिवशरण : म्हंजे वेणीमाधवराव गेले? आन् तुमी ते कार्ड खिशात घालून हितंवर चालत आला, मास्तर?

यज्ञेश्वर : हळू बोल, शिवशरण. वहिनी येतील एवढ्यात. चारला या म्हणून मीच सांगून ठेवलंय.

शिवशरण : कवा गेले?

यज्ञेश्वर : गुरुवारी, मुंबईत. ताप छातीत उतरला, असं पिक्चर कंपनीच्या मॅनेजरनं लिहिलंय. कार्ड आज दुपारी आलं. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून अठरा वर्षं नवऱ्याची पत्रं त्याच्या मित्राच्या, म्हणजे माझ्याच पत्त्यावर येतात. येतात म्हणजे, यायची. तीही वर्षाला एखादं.

शिवशरण : लई वाईट झालं. ह्यो मानूस शालू नेसून नाटकात आला, की बाळीवेशीतल्या बाया दुसऱ्या दिवशी तसाच अंबाडा घालायच्या. आमची आई बी घालायची. आन् आठ दिसांमागं पडद्यावर बगितलं, तर ही गालाची हाडं वर आलेली.

यज्ञेश्वर : पन्नाशी उलटली होती रे. पहिल्या खेळाला पडद्यावरच्या पाट्या लोकांना वाचून दाखवताना मी अडखळलो ना, तो त्याला बघूनच. लोक ओरडले, मास्तर झोपले म्हणून.

शिवशरण : त्ये ओरडत्यातच. त्येंचं मनावर घेऊ नका. आता आक्काचं काय? सांगायचं, का पिक्चर दाखवायचं?

यज्ञेश्वर : तेच कळत नाही. बातमी कानावर पडली, की त्या घटकेपासून सुतक. आणि तिला नुसतं सुतक नाही, तिचं कुंकूच जाणार. तिचे दीर कर्मठ. दहाव्याला न्हावी बोलावतील. मग वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, पिक्चर तर जन्मात नाही. आणि तुझी रिळांची पेटी जाणार कधी?

शिवशरण : उद्या सकाळच्या गाडीनं होटगीला, तितनं गदगला. पुढल्या शनवारपासनं आपल्याकडं बी बोलता पिक्चर. ह्ये मुकं परत कोन मागवतंय?

यज्ञेश्वर : म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

शिवशरण : मग सांगू नका की! आमच्या लिंगायतांत सुतकच न्हाय बगा. मानूस लिंगैक्य झाला, माती दिली, पाया पडलो, कामाला लागलो.

यज्ञेश्वर : तुमच्यात सोपं आहे. इथं विधवा झालेल्या बाईला मी कुंकवानिशी खेळाला बसवतोय. हे पाप तिचं, का माझं? आयुष्यभर पोथ्या चाळल्या आणि नेमकं हेच कुठं वाचल्याचं आठवत नाही.

शिवशरण : माजं म्हना. मशीन मी फिरवनार हाय.

गोदावरी : कुणाचं पाप, भावजी? दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून आत आले.

यज्ञेश्वर : या वहिनी, या. काही नाही. आमचं आपलं... असंच.

शिवशरण : बसा गोदाक्का. खुर्ची पुसून ठिवलीय, खिडक्यास्नी पोती लावल्यात. आख्खं थेटर तुमचं. महारानीवानी बसा!

गोदावरी : महाराणी ते व्हायचे बाबा. मी त्यांच्या जरीच्या लुगड्यांना ऊन दाखवायची. शेजारची अनसूया विचारायची, गोदे, तुझ्या घरात बायको कोण गं? आणि पोट धरून हसायची.

यज्ञेश्वर : पाणी देऊ का थोडं?

गोदावरी : पाणी राहू दे. तुमच्या खिशातनं ते कार्ड डोकावतंय. माझं का?

यज्ञेश्वर : ते? ते शाळेचं.

गोदावरी : शाळा सोडून तुम्हाला सहा वर्षं झाली. बघू.

यज्ञेश्वर : नंतर, वहिनी. आधी पिक्चर...

गोदावरी : द्या हो. मला कुठं वाचता येतंय? एक अक्षर तेवढं येतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पाटीवर गिरवून घेतलं होतं. म्हणाले, पत्र आलं की आधी वर बघ. श्री असला तर समज, मी खुशाल आहे. मग यज्ञेश्वर सवडीनं वाचेना का.

शिवशरण : आक्का, लावू का मशीन?

गोदावरी : ह्याच्यावर श्री नाही.

यज्ञेश्वर : वहिनी, मी सांगणारच होतो. म्हणजे आधी नाही, पण नंतर...

गोदावरी : थांबा. एक अक्षर बोलू नका.

शिवशरण : अय्यो शिवने! बसा आदी, आक्का. भित्तीला टेका.

गोदावरी : तूही गप्प बस. मी काही ऐकलेलं नाही. नुसतं कार्ड बघितलं, आणि मी अडाणी बाई. त्यांचे मामा आहेत नाशकाला, थकलेत. एक आत्या आहे. कुणाचंही असेल. तोंडानं वाचून कानावर पडेल, तेव्हा पुढचं सगळं. खरं ना, भावजी?

यज्ञेश्वर : खरं. शास्त्र तसंच आहे, असं वाटतं मला.

गोदावरी : मग घ्या हे परत, आणि मागाहून वाचा. अठरा वर्षं मी थांबले, अर्धी घटका तुम्ही थांबा.

यज्ञेश्वर : थांबतो.

गोदावरी : जाताना म्हणाले होते, बायकांचे पार्ट संपले की मिशा राखीन, आणि मिशा आल्या की घरी येईन. मिशा आहेत का हो ह्या पिक्चरात?

यज्ञेश्वर : तुम्हीच बघा. लाव रे, शिवशरण. तिसरं रीळ.

(दार बंद होतं. अंधार. मशीनची घरघर.)

गोदावरी : हा गोरटेला कोण?

यज्ञेश्वर : राजपुत्र. रानात वाट चुकलाय.

गोदावरी : आणि घोडा?

यज्ञेश्वर : घोडा कंपनीचा.

शिवशरण : मास्तर, आता येतील बगा. वाड्याचं दार उगडतंय.

गोदावरी : कुठं? हा तर कुणी म्हातारा भालदार आलाय. आमचे कुठायत?

यज्ञेश्वर : वहिनी...

गोदावरी : हे? अहो, हे नव्हेत. ह्यांचे खांदे असे... थांबा. डावा हात बघा. भाला उजव्या हातात आणि डावा हात पदर सावरतोय. घरात पाण्याचा तांब्या घ्यायला उठले तरी तस्से सावरायचे. मी चिडवायची, पदर पडला हो तुमचा. अगं बाई, किती वाळलेत! कुणी जेवायला घालत नव्हतं का? बोलतायत. काय म्हणतायत, भावजी? वाचा की.

यज्ञेश्वर : पाटी नाही, वहिनी. बारीक पार्ट आहे. राजपुत्राच्या बोलण्याला पाटी आहे, ह्याच्या नाही.

गोदावरी : मग तुम्ही म्हणा काहीतरी त्यांच्या जागी. रोज म्हणता ना?

यज्ञेश्वर : रोज लिहिलेलं वाचतो. ह्याचं मला ठाऊक नाही. दुसरा कुणी असता तर रचून म्हटलंही असतं. तुमच्यासमोर, त्याच्या तोंडचं, मला नाही जमणार. क्षमा करा.

गोदावरी : राहू दे. घरीही असंच होतं. तोंड हललेलं दिसायचं, माझ्यापर्यंत काही यायचं नाही. गेले?

शिवशरण : झालं, आक्का. येवडंच हाय त्येंचं.

गोदावरी : थांबवता येत नाही का रे? दारात उभे आहेत तिथं, क्षणभर?

शिवशरण : थांबली की पट्टी जळती, आक्का. दिव्याची आच लई. फिरत हाय तवर हाय. पर उलटी गुंडाळून पुन्यांदा लावतो. सहाला गर्दी येईस्तवर दहादा लावतो, सांगा तुमी!

गोदावरी : एकदाच लाव. मगाशी मी हाताकडेच बघत बसले. मला मिशी बघायची आहे.

यज्ञेश्वर : लाव, बाबा. दारापासूनच लाव.

शिवशरण : ह्ये बगा, आले.

गोदावरी : आता कुणी बोलू नका.

(मशीनची घरघर.)

शिवशरण : सपलं. दार उगडू?

गोदावरी : उघड. भावजी, पिक्चरात मिशा चिकटवतात ना?

यज्ञेश्वर : चिकटवतात. डिंकानं. बहुतेकांना.

गोदावरी : त्यांच्या नाटकात एक सेनापती होता. बोलायला लागला की मिशीचं टोक सुटायचं. हे घरी येऊन त्याची नक्कल करायचे, ओठावर बोट धरून. आत्ता मी टोकाकडेच बघत होते. एवढं बोलले, पण टोक हललं नाही.

शिवशरण : खरीच हाय, आक्का! मी आठ दिस रोज बगतोय की.

गोदावरी : तू मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. भावजी, तुम्ही सांगा.

यज्ञेश्वर : मी नीट बघितलं नाही, वहिनी. दोन्ही वेळा मान खाली घालून बसलो होतो.

गोदावरी : असू दे. मी बघितलंय. यायला निघाले होते म्हणायचं.

यज्ञेश्वर : हो.

गोदावरी : घाम आलाय मला. कुंकू फिसकटलं नाही ना?

यज्ञेश्वर : नाही. नीट आहे.

गोदावरी : मग काढा ते कार्ड.

यज्ञेश्वर : वहिनी, चारच ओळी आहेत.

गोदावरी : म्हणून सांगते, सावकाश वाचा.