पाटीत बसलेला साहेब

रंभाजी : …कुनाचा इस्वास बसायचा न्हाई, बन्सी, म्हनून तुला अन माझ्या सुनंलाच सांगतो. बाकी आपल्या खर्डा गावात कुठं बोलू नका. आज नगरच्या हापिसात साहेबाला डोक्यावर घेऊन फिरलो!

बन्सी : साहेबाला? नाना, तुमचं वय सत्तर!

रंभाजी : पंच्याहत्तर. अन साहेब भरला दोन मणाचा. नुसती ढेरीच अर्ध्या मणाची.

मनकर्णा : मामंजी, आदी पानी घ्या. टेंडराचं पाकीट पेटीत पडलं का, तेवढं सांगा.

रंभाजी : तेच सांगतोय न्हवं? लई घाई तुला. तर साहेब म्हनला, "म्हातारबा, दुष्काळी कामावर माती वाहायला पाच हजार पाट्या पायजेत. दर साली ठेकेदार देतो. तुमच्या आठ घरांच्या बुरूड सोसायटीला झेपंल का?"

बन्सी : आणि तो ठेकेदार आणतो कुठून? आपल्याच दारातून! बारा आण्याला उचलतो, सरकारला दोन रुपयाला लावतो.

रंभाजी : आगदी हेच बोललो मी! तू सोसायटीचा सेक्रेटरी, पन मी चेरमन हाय ना. साहेबाचं त्वांड एवढंसं झालं. म्हनला, "पन पाटी टिकंल का?" म्या नमुन्याची पाटी म्होरं सारली. म्हनलं, बसा.

बन्सी : बसला?

रंभाजी : मांडी घालून! उचलला, चुंबळीवर ठिवला अन निघालो. खोलीतनं भाईर, अंगनातल्या निंबाला वळसा, परत आत. कारकून टाळ्या पिटत्यात. शिपाई म्होरं पळतोय, "सरका, साहेब येतायत!" पाटीतली बांबूची एक कामटी कुरकुरली न्हाई. साहेबानं वर बसल्या बसल्या पाकिटावर सही ठोकली.

बन्सी : शाई सांडली असेल तुमच्या पागोट्यावर.

रंभाजी : सांडली की! यष्टी स्टँडवर धुतली.

मनकर्णा : पोच दिली का?

रंभाजी : आं?

मनकर्णा : पाकीट घेतलं की कागद देत्यात. निघताना दोनदा सांगितलं हुतं.

रंभाजी : दिली की. वाऱ्यानं उडाली. आसली वावटळ उठली नगरात, एका वकिलाची टोपी पार भिंगारला जाऊन पडली…

बन्सी : असू द्या वहिनी. साहेबाची सही झाली म्हणजे झालं.

मनकर्णा : मुदत उद्या दुपारी बाराची हाय, भावजी. मग पेटी बंद. लहान सोसायटीला अनामत माफ झाली ती ह्याच साली. हे हुकलं तर परत त्या ठेकेदाराच्या दारात हुबं ऱ्हायचं. सोसायटीतल्या गोजरबाईनं तर बांबू चिरायचा कोयता गुंडाळून ठिवलाय. पाट्यांचं काम न्हाई आलं तर सोमवारपासनं खडी फोडायला जानार म्हनती.

बन्सी : गोजरबाई? तिच्यासारखी पाटीची कड तर कुणालाच बांधता येत नाही.

मनकर्णा : म्हनून इचारते. मामंजी, तिथला निंब कसा हाय हो?

रंभाजी : निंब? लई झ्याक. सकाळी सावली शिपायाच्या स्टुलावर आसती. बारा वाजता बुंध्याशी गोळा हुती. मग सरकत सरकत, कारकुनांच्या सायकली हायेत तिथवर जाती. साडेपाचला त्या सायकली निघून जात्यात, मग सावली एकलीच.

बन्सी : नाना, एवढं कधी बघितलंत? साहेब डोक्यावर होता ना?

रंभाजी : जाता जाता बघितलं.

मनकर्णा : फारम आनायला मीच गेल्ते. साहेबाची खोली माडीवर हाय. पेटी बी तिथंच, दाराशी. तुमी साहेबाला डोक्यावर घेऊन भाईर आला, परत आत गेला. मधी जिना न्हाई लागला?

रंभाजी : जिना…

बन्सी : नाना?

मनकर्णा : तुमी आत गेलाच न्हाई, मामंजी. जल्मभर लोकांच्या पायरीखाली पाटी ठिवली, अन घरधनी हाक मारंल म्हनून बसून ऱ्हायलात. तसंच आज निंबाखाली बसला. सकाळपासनं सायकली जाईपर्यंत.

(रंभाजी बंडीच्या आतल्या खिशातून घामानं ओलं झालेलं पाकीट काढून सुनेपुढं ठेवतो.)

बन्सी : द्या इकडं, पहाटेच्या गाडीनं मी जातो.

मनकर्णा : न्हाई भावजी. चेरमन जातील. मी संगं असंन.

रंभाजी : …पायऱ्या किती हायेत गं त्या जिन्याला?