नाइस म्हणालेल्या विहीणबाई

...गप्प बसायला काही लागतं का हो? नाही, तुम्हीच सांगा! अहो, मुलीला बघायला माणसं आलीत, लांज्याहून, स्वतःचा काजूचा कारखाना असलेली, त्यांचा मुलगा विनीत आमच्या दीपालीला फोटोतच पसंत पडलेला... आणि आमचे हे! पस्तीस वर्षं रत्नागिरीत इंग्रजी शिकवलं, रिटायर झाले, तरी शाळा काही सुटत नाही! सकाळीच बजावलं होतं, "आज शब्दांची मुळं उकरायची नाहीत." म्हणाले, "छे छे!"

मी फणसाची सांदणं केलेली. मुलाच्या आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "व्हेरी नाइस हं!" झालं! ह्यांचे डोळे असे चमकले... मी खुणा करतेय, खोकतेय, पण छे! "वहिनी, नाइसचं मूळ माहितीये? लॅटिन! नेस्कियस! ने म्हणजे नाही, स्कीरे म्हणजे जाणणं. सातशे वर्षांपूर्वी इंग्रज नाइस म्हणायचे ते अडाण्याला! मूर्खाला!"

गप्प बसायला काही लागतं का हो?

बाईंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे मी अडाणी?"

"तसं नव्हे, अर्थ बदलत गेला. आधी मूर्ख, मग नखरेल, मग..." नखरेल! अहो, त्यांच्या नथीकडे बघत म्हणाले हो!

"उठा," बाई नवऱ्याला म्हणाल्या. दारात दीपालीच्या डोळ्यांत पाणी... आणि त्यांचे यजमान काशीरामभाऊ, आल्यापासून अवाक्षर न बोललेले, खो खो हसायलाच लागले! "सत्तावीस वर्षं ही गावभर सांगते, आमचे हे फार नाइस. आज कळलं गो, काय म्हणत होतीस ते!"

बाईंनी रोखून बघितलं... ओठ आवळले... आणि त्याही फुटल्या! हसता हसता ठसका लागला. दीपाली धावत पाणी घेऊन आली, तर तिचा हात धरला तो सोडेचनात. "मुलगी आमची झाली हो! फक्त सरांना जरा आवरा."

"वहिनी, सर हा शब्दसुद्धा मुळात..."

गप्प बसायला काही लागतं का हो!

असो. लग्न ठरलं. आता हे मंगलाष्टकं लिहायला बसलेत, तळटीपांसकट. अंतरपाट धरायला मी सहा माणसं सांगून ठेवलीत... आळीपाळीनं धरतील बिचारी!