मेणाचा डावा पाय

आमचा ठाण्याचा पीटर ऐन मॅरेथॉनच्या तोंडावर उजवा गुडघा धरून बसला. नवसाला मेणाचा पाय वाहायचा म्हणून मला घेऊन चर्चमधल्या मावलीच्या जत्रेला गेला. लंगड्याला गर्दीत कुठे धाडायचं? पाय मीच आणला, मुद्दाम डावा! पठ्ठ्याने डोळे मिटून वाहिला.

बाहेर येताच मी खिदळलो, "पीटऱ्या, डावा वाहिलास रे! उजवा बसला बोंबलत."

पीटर थबकला, मग माझ्याहून मोठ्याने हसला. "उजव्याला डॉक्टर आहे, पट्टा आहे. सगळा भार डाव्यावर आलाय, त्याला वाली कोण? मावली मोठी हुशार! बरोबर पाय आणायला तुझ्यासारखा वात्रट म्हातारा धाडला. पुढच्या वर्षी धावायला दोन्ही लागतील की!"