विहीणबाई माझ्याच बाजूनं

मोबाईलवरचा तो किल्ल्यांचा खेळ लय भारी आहे, पण खेळते कोण? चार जण जमल्याशिवाय तो सुरूच होत नाही. पांढुर्ण्याची मी अन् लोधीखेड्याच्या माझ्या दोघी बहिणी, अशा तिघीच. शेवटी नदीपल्याडच्या सावरगावच्या विहीणबाईला गळ घातली. खेळानं तिला नेमकं माझ्याच बाजूला टाकलं. पाहते तर काय, ती आमचं सारं धान्य बहिणींच्या किल्ल्यात पाठवून राहिली.

मी फोन लावला. “विहीणबाई, तुमी माझ्या बाजूनं आहा.”

“गोटमारीच्या जत्रेत आमचं गाव दरसाल तुमच्यावर गोटे फेकते, अन् मी पांढुर्ण्याले जिंकवू? मोबाईल म्हणते म्हणून?”

“मंग या समोर. सावरगावात आहे का कोणी लढणारं?”

सकाळी तिची अख्खी गल्ली खेळात उतरली. इकडून मी एकटी. मंग शेजारणींनो, आता चहा ठेवा खाली, अन् काढा मोबाईल.